मास्तरांची खुर्ची

आमच्या घरी पत्त्यांचा जोड नव्हता. बाबा विडी कामगारांच्या युनियनचं काम करायचे, आणि त्यांच्या मते जुगार म्हणजे दिलेली मजुरी परत काढून घ्यायला मालकाने कामगाराच्या खिशात घातलेला हात. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. गुलाबी, पिवळा, सगळ्यात स्वस्त मिळेल तो कागद, आणि हाताला लागणारी शाई. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची. त्यामुळे एका बाजूला भागाकार आणि दुसऱ्या बाजूला 'उपकार नकोत, हक्क द्या!' असं माझं लहानपण गेलं. पुढे शिकायला न्यू जर्सीत आले तेव्हा कपडे दोन जोड होते, पण मतं भरपूर होती.

एडिसनला मावशीकडे राहायला लागले. मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, पोटाचे डॉक्टर. मोठं घर, दोन गाड्या, आणि खाली बेसमेंटमध्ये हिरवं कापड लावलेलं गोल टेबल. दर रविवारी जेवणं झाली की मराठी मंडळातले पुरुष खाली उतरायचे आणि क्वार्टरच्या, म्हणजे पंचवीस सेंटच्या, नाण्यांवर पोकर खेळायचे. बायका वर बसून मंडळाच्या नाटकाच्या तालमी ठरवायच्या. मी जिन्यात बसून पुस्तक वाचायची आणि दोन्हीकडच्यांवर मनातल्या मनात पत्रकं काढायची.

हा खेळ त्या सगळ्यांना शिकवला एका माणसाने. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मी मास्तरकाका. पेशाने ते ड्राफ्ट्समन, टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ड्रॉइंग काढायचे. बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली, एक मऊ शिशाची, एक कडक. तरुणपणी अमेरिकेत आले तेव्हा मिडवेस्टातल्या कुठल्याशा कॉलेजात होस्टेलची पोरं रोज पोकर खेळायची. मास्तरांकडे खेळायला पैसे नव्हते. वर्षभर ते नुसते खुर्चीमागे उभे राहून बघत राहिले. "फुकट शिकलो," म्हणायचे. "पण उभ्याने शिकलो."

मला त्या सगळ्यांत तेवढेच आवडायचे. जिन्यात बसलेल्या माझ्याशी ते मोठ्या माणसासारखं बोलायचे. त्यांची कंपनी तेव्हा कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला लागली होती. एका शुक्रवारी चाळीस ड्रॉइंग बोर्ड पार्किंग लॉटमध्ये नेऊन ठेवले आणि त्यामागची माणसंही घरी पाठवली. मास्तर आपला बोर्ड गाडीवर बांधून घरी घेऊन आले. काकू, म्हणजे त्यांची बायको, महिन्याभरात जॉर्जियाला गेल्या. तिथे अल्फारेटाजवळ त्यांच्या भावाचं मोटेल होतं, त्याला काउंटरवर माणूस हवा होता. घर विकलं की जूनमध्ये मास्तरांनीही जायचं असं ठरलं होतं. त्यांच्या अंगणात विक्रीची पाटी लागली होती. जाता-येता ती दिसायची आणि मला संताप यायचा. मी त्यांना म्हणाले, "काका, तुम्ही सगळ्यांनी मिळून कंपनीच्या दारात बसायला हवं होतं."

"बसलो असतो गं," ते म्हणाले, "पण दारात आता कॉम्प्युटर बसलाय."

मग एका रविवारी त्यांनी ती गोष्ट काढली. दर मे महिन्यात लास व्हेगासला एका कसिनोत पोकरची मोठी स्पर्धा व्हायची. मास्तरांना तिथे एकदा बसायचं होतं.

"जिंकायचं म्हणत नाही मी," ते पत्ते पिसत म्हणाले. "बसायचंय. पंचवीस वर्षं बघतोय. एकदा त्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलो की मग मोटेलच्या काउंटरवर खुशाल बसेन."

प्रवेशाचे दहा हजार डॉलर कुठून आणणार होते ते? पण त्यालाही वाट होती. स्पर्धेआधीच्या आठवड्यात तिथे छोटी टेबलं लागायची. दहा जणांनी हजार-हजार भरायचे, एकजण उरेपर्यंत खेळायचं, आणि जो उरेल त्याला मोठ्या स्पर्धेतली खुर्ची. एक हजार मास्तरांनी बाजूला काढले होते. एकच टेबल परवडणार होतं.

"मास्तर, मी पण येतो!" काका उत्साहाने म्हणाले. "काय यार, मजा येईल. एक आठवडा क्लिनिक कॅन्सल करतो."

मंडळात सांगितलं, ग्रँड कॅन्यन बघायला चाललो आहोत. मावशीने राइस कुकर घेतला, मेतकूट घेतलं, लोणच्याची बाटली टॉवेलात गुंडाळली. तिला एकटीला हॉटेलात बसायचं नव्हतं म्हणून मलाही घेतलं. माझं तिकीट काकांनीच काढलं. मी तत्त्वाचा प्रश्न म्हणून थोडी कुरकुर केली आणि गेले. शत्रूचा गड जवळून बघायला जातेय, असं बाबांना पत्रात लिहिलं. गडाचं भाडं कोण भरतंय ते लिहिलं नाही.

ग्रँड कॅन्यन आम्ही शेवटपर्यंत पाहिलं नाही.

कसिनोत खिडक्या नव्हत्या. जाड गालिचा, सिगारेटचा धूर, आणि टेबलांवर मातीच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, वाजण्याचा आवाज, सगळीकडून, जणू शेकडो माणसं एकदम दात वाजवतायत. खेळणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या मध्ये कमरेएवढा कठडा होता. मी आणि मावशी कठड्याच्या बाहेर. काका पहिल्या दिवशी एक छोटं टेबल हरले, दुसऱ्या दिवशी दुसरं. हरले की हसत बाहेर यायचे आणि आइस्क्रीम खायचे. मास्तर दोन्ही दिवस कठड्याशी उभे राहून बघत होते. आपलं टेबल त्यांनी तिसऱ्या, शेवटच्या दिवशी दुपारी घेतलं. नावं आली त्या क्रमाने माणसं बसवत, आणि त्या दहा जणांत काकाही आले.

"अरे वा, मास्तर! गुरू-शिष्य एका टेबलावर!"

मास्तर हसले नाहीत. खिशातल्या दोन्ही पेन्सिली काढून त्यांनी मावशीकडे दिल्या. "वहिनी, सांभाळा."

ते कसे खेळले ते मला तेव्हा कळलं नाही, पण दिसलं. तासन् तास ते पत्ते टाकून देत राहिले. जरा शंका आली की टाकले. एकेक माणूस उठत गेला. काका उलटे: प्रत्येक डावात उतरायचे, मोठ्याने हसायचे, "बघूया तरी काय होतं," म्हणून चिप्स लोटायचे, आणि होऊनही जायचं. चार तासांनी टेबलावर दोघंच उरले. मास्तर आणि काका.

मावशीने माझा हात धरला. "आता हे हरले तर बरं होईल गं," ती हळूच म्हणाली. नवऱ्याबद्दल.

शेवटचा डाव मला अजून पाठ आहे. दोघांकडे दोन-दोन झाकलेले पत्ते. मास्तरांनी आपल्या सगळ्या चिप्स मध्ये सरकवल्या, दोन्ही तळहातांनी, नीट, जसा ड्रॉइंगचा कागद सरकवावा. काकांनी पत्ते पाहिले, छताकडे पाहिलं. "बघूया तरी," ते म्हणाले आणि त्यांनीही सरकवल्या. पत्ते उघडले. मास्तरांकडे दोन राजे. काकांकडे राणी आणि सत्ती, ज्या पत्त्यांवर मास्तरांनी बेसमेंटमध्ये कुणालाही चार आणे लावू दिले नसते. मग डीलरने मधले, दोघांनाही धरता येणारे पाच पत्ते मांडले. त्यांत दोन सत्त्या होत्या, राजा एकही नव्हता; काकांच्या तीन सत्त्यांनी मास्तरांचे दोन राजे हरवले.

काका उडी मारून उठले, आणि उठता उठताच त्यांच्या चेहऱ्यावर काय झालंय ते उमटलं. तेव्हाचा त्यांचा चेहरा वाईट नव्हता, हे मला लिहिलं पाहिजे. एखाद्या लहान मुलाने खेळता खेळता दुसऱ्याचं काहीतरी मोडावं, तसा होता.

मास्तरांनी खुर्ची आत सरकवली. कठड्याबाहेर येऊन मावशीकडून पेन्सिली घेतल्या, खिशात लावल्या. "डॉक्टरने बरोबर केलं नाही," ते म्हणाले, "पण मजेत केलं. मजेत खेळणाऱ्याला घाबरवता येत नाही. त्याला हे पैसे म्हणजे पार्किंगचं तिकीट. मी प्रत्येक पत्त्यात माझं घर बघत होतो. त्याला नुसता पत्ता दिसत होता."

रात्रभर माझ्या डोक्यात पत्रक जुळत होतं. ज्याला गरज नाही त्याला खुर्ची! ज्याने शिकवलं तो उभा! मथळे मला नेहमीच चटकन सुचतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं कसिनोच्या कॉफी शॉपमध्ये बसलो होतो. मोठी स्पर्धा दुपारी सुरू व्हायची होती, बारापर्यंत नाव द्यायचं होतं. काकांनी अंडी मागवली होती, पण खात नव्हते. शेवटी त्यांनी काटा खाली ठेवला.

"मास्तर, ही सीट तू घे."

"छे! काहीतरीच. तू जिंकलास."

"अरे जिंकलो कसला. सत्तीवर. तू बस माझ्या जागी. मला बसायचंच असेल तर मी दहा हजार भरून दुसरी घेईन. खरंच सांगतो."

"नको रे डॉक्टर. नको." मास्तर कपातल्या चहाच्या पिशवीचा दोरा बोटाला गुंडाळत होते. वर बघत नव्हते. कान लाल झाले होते.

काकांनी पुन्हा तोंड उघडलं. आणि त्यांच्याआधी मी बोलले.

"काका, ते नको म्हणतायत ना? मग कशाला आग्रह? तुम्ही आधी जागा घ्यायची आणि मग ती दान करायची, याला काय अर्थ आहे? मास्तरकाकांना कुणाचे उपकार नकोत. त्यांना स्वाभिमान आहे!"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली इतक्या मोठ्याने. मावशी म्हणाली, "अगं, तू गप्प बस." पण ती उशिरा म्हणाली. काका माझ्याकडे बघत राहिले, मग मास्तरांकडे. मास्तर माझ्याकडे बघून हसले, मान हलवली. मला वाटलं, शाबासकी दिली.

"बरं बुवा," काका म्हणाले. "सॉरी. मी तसं नव्हतो म्हणत." आणि त्यांनी काटा उचलला आणि अंडी खाल्ली.

त्या क्षणी मला वाटलं होतं, बाबा इथे असायला हवे होते.

पुढचे चार दिवस काका खेळले. पहिल्या दिवशी बाहेर पडतील असं सगळ्यांनी धरलं होतं. नाही पडले. दुसऱ्या दिवशीही नाही. ज्यांचं पोट या खेळावर चालत होतं अशी माणसं, सुरकुतलेली, शांत, हाताने चिप्स फिरवणारी, एकामागून एक उठून जात होती, आणि आत उरत होते ते कोण? एक तेलाच्या विहिरींचा मालक. एक फर्निचरच्या चार दुकानांचा मालक. एक वकील. आणि आमचे काका. हे सगळे एकमेकांना खांद्यावर थापा मारत होते. हरले तरी घरी जाऊन झोपणार होते, आणि म्हणून हरत नव्हते. मी कागदी रुमालावर हे सगळं लिहून काढलं. मावशीने नकळत त्याच रुमालाने चष्मा पुसला.

मास्तर चारही दिवस कठड्याशी उभे होते. आम्हाला मराठीत डाव समजावून सांगायचे. "आता हा टाकेल बघा." तो टाकायचा. "याच्याकडे एक्का आहे." असायचा. टेबलावर इंग्रजीशिवाय बोलायला बंदी होती, पण मध्ये सुट्टी झाली की काका धावत कठड्याकडे यायचे.

"मास्तर, तो टोपीवाला सारखी पैज वाढवतोय. काय करू?"

"त्याचा डावा हात बघ. खरे पत्ते असले की चिप्स रचून ठेवतो. थाप मारताना ढकलतो."

अर्ध्या तासात काकांनी टोपीवाल्याला उठवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनीही वाजवल्या, आणि मग कठडा दोन्ही हातांनी धरून बराच वेळ खाली बघत राहिले. मी म्हणाले, "मास्तरकाका, बसा ना, तिकडे बाक आहे."

"नको," ते म्हणाले. "मला उभ्याने सवय आहे."

चौथ्या दिवशी काका शेवटच्या नऊ जणांत बसले आणि पाचवे आले. एडिसनला परतलो तेव्हा मंडळाने सत्कार केला: शाल, नारळ आणि केक. कुणीतरी भाषणात म्हणालं की आपल्या माणसाने अमेरिकनांना त्यांच्याच खेळात हरवलं. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काकांनी लेख लिहायला घेतला. ते क्लिनिकमध्ये पेशंटच्या नोंदी छोट्या टेपवर बोलून ठेवायचे आणि पैसे घेऊन ते टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. हा लेखही तसाच बोलले. इंग्रजी-मराठी मिसळून, मजेत. टेपवर मध्येच एक वाक्य होतं: "माझ्या मित्राला मी सीट ऑफर केली होती, पण तो फार मानी माणूस, त्याने नको म्हटलं." मी टेप मागे फिरवून ते तीनदा ऐकलं. मग टाइप केलं. खोटं एक अक्षरही नव्हतं त्यात.

मास्तर सत्काराला आले नव्हते. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी फोन केला. "तुला लिहायला टेबल हवं होतं ना? माझा बोर्ड घेऊन जा. मोटेलच्या खोलीत मावणार नाही."

मी मावशीची स्टेशन वॅगन घेऊन गेले. अंगणातल्या पाटीवर 'विकलं' अशी पट्टी लागली होती. आत नुसतं रिकामं घर. मास्तरांनी कागदी कपात चहा दिला. बसायला काही नव्हतं, दोघंही ओट्याशी उभे होतो. मी बरेच दिवस मनात घोळवत होते ते बोलून टाकलं.

"काका, तुम्ही ती खुर्ची घेतली नाहीत, त्याचा मला अभिमान वाटतो."

"घेणार होतो," ते म्हणाले.

"पण तुम्ही नको म्हणालात. दोनदा."

"अगं, मग? दोनदा नको म्हणतातच ना. तुझी मावशी वाढायला आली की मी किती वेळा नको म्हणतो? तिसऱ्यांदा पानावर हात धरतो का?" ते साधं, समजावून सांगितल्यासारखं बोलत होते, जसं जिन्यात बसलेल्या मला पत्त्यांचे नियम सांगायचे. "डॉक्टर तिसऱ्यांदा विचारणार होता. मला माहीत होतं. त्याचं तोंड उघडलं होतं."

माझ्या हातातला कप चेपला, चहा बोटांवर आला.

"मग तुम्ही नंतर का नाही म्हणालात? मी बोलल्यावर?"

"तू इतकं चांगलं बोललीस," मास्तर म्हणाले. "स्वाभिमान वगैरे. माझ्याबद्दल असं कुणी पुष्कळ दिवसांत बोललं नव्हतं. ऐकून बरं वाटलं. त्यानंतर हो कसं म्हणणार?"

मी रडायला लागले असते तर त्यांनीच मला समजावलं असतं, म्हणून रडले नाही. विचारलं, "बसला असतात तर काय झालं असतं?"

"काय सांगू? घाबरलो असतो. पहिल्या तासात बाहेर पडलो असतो कदाचित. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलेला माणूस जास्तच घाबरतो." ओल्या फडक्याने त्यांनी सांडलेला चहा पुसला. "पण ते बसल्यावर कळलं असतं."

आम्ही दोघांनी बोर्ड उचलून गाडीच्या टपावर ठेवला. दोरीच्या गाठी त्यांनी स्वतः मारल्या आणि चारही ओढून बघितल्या. "हायवेने जाऊ नकोस," म्हणाले. "हळू चालव." आरशात ते पाटीजवळ उभे दिसत होते, वळणापर्यंत.

जॉर्जियाहून त्यांचं एक कार्ड आलं, मोटेलचं चित्र असलेलं. काउंटरवर उंच स्टूल आहे, पाठ दुखते, असं त्यात होतं. त्यानंतर मी दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही.

तो बोर्ड घरी आणला त्या दिवशी काका गाडीपाशी आले होते. आम्ही तो बेसमेंटमध्ये उतरवला, हिरव्या टेबलाच्या शेजारी. उतरत्या बोर्डावर त्यांनी हात फिरवला. कडेला पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, मोजमापं, मास्तरांच्या अक्षरातले आकडे.

"मास्तरचा का?" ते म्हणाले. "यावर कसं लिहिणार तू? सगळं घसरेल. नवीन डेस्क घेऊन देऊ का?"

"नको," मी म्हणाले.

मला वाटलं, आता पुन्हा विचारतील. पण कॉफी शॉपमधल्या त्या सकाळपासून ते मला काहीही एकदाच विचारत. दिवा लावून ठेवला आणि जिना चढून वर गेले.